गेरू

टिकावाचा दांडा दुसऱ्यांदा खाली आला तो जावयाच्या मनगटावर. पहिला घाव कपाळावर बसला होता. तो हातानं झाकायला गेला म्हणून ऋषिराजचं मनगट मध्ये आलं आणि वाळकी काटकी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. फाटकाच्या आत त्यानं फक्त एक पाऊल टाकलं होतं.

“मागं हो,” लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. “मागं हो म्हंतोय न्हवं?”

“मामा, आवं ऐकून तरी घ्या—”

तिसरा घाव खांद्यावर आला. ऋषिराज गुडघ्यांवर बसला. कपाळातलं रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं आणि तो ते पुसायला गेला, तर हात वर येईना. फाटकाबाहेर त्याची जुनी व्हॅन उभी होती. तिच्या काचेला नाक लावून पाच वर्षांची शिवांजली बघत होती. पोरीच्या गालांवर आणि दंडांवर लाल पुटकुळ्या होत्या.

मनुबाई मागच्या दारातून धावत आली तेव्हा तिच्या बोटांत जपमाळ तशीच होती. चोपन्नावा मणी अंगठ्याखाली धरलेला. तीस वर्षांत तिनं माळ अर्ध्यावर टाकली नव्हती. आता तिनं ती कमरेला खोचली आणि नवऱ्याच्या आणि जावयाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“आवं, जावई हाय तो. पाय धुतलेत तुमी त्याचं, मांडवात.”

“धुतलेत. मोडीन बी.” लालासाहेबांनी दांडा तिच्या खांद्यावरून पुढं रोखला. “किडनी द्यायची येळ आली तवा आईच्या पदराआड लपलास. आन् आता कांजिण्या घिऊन आलास व्हय रं, माझ्या दारात?”

“कांजिण्या न्हाईत, मामा. चावलंय कायतरी तिला.” ऋषिराजचं बोलणं रक्तानं ओलं झालं होतं. “लोणंदवरनं पाटंचं निघालोय. तीन दिस झालं पोरगी जेवत न्हाई. आईला लांबनं बघते म्हणाली, जवळ जात न्हाई म्हणाली. खिडकीतनं दाखवणार हुतो नुसतं.”

“खिडकीतनं वारा जात न्हाई व्हय?”

त्या खिडकीला दुहेरी जाळी होती. लालासाहेबांनीच ती ठोकली होती. जाळीमागं तोंडाला मास्क लावलेली संयोगिता उभी होती आणि दोन्ही तळहातांनी चौकट बडवत होती.

“आप्पा! आप्पा, सोडा त्यांना!”

लेकीचा आवाज कानावर आल्यावरच लालासाहेबांचा हात थांबला. त्यांनी दांडा खाली टेकवला, ऋषिराजला दंडाला धरून उठवलं, एखादं पोतं लोटावं तसं फाटकाबाहेर लोटलं आणि कडी घालून कुलूप लावलं.

तीन महिन्यांपूर्वी मिरजेत संयोगिताच्या पोटात आईची किडनी बसवली होती. लालासाहेबांचा रक्तगट जुळला नव्हता. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, हवालदार होऊन परत आलेला. डॉक्टरांनी ‘तुमची चालणार नाही’ म्हटल्यावर त्यांनी तीनदा पुन्हा तपासायला लावलं होतं. मग घरी येताना दवाखान्यातल्या सबा सिस्टरनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. परकी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या अंगातला पहाराच उठवतात. दुसऱ्याला दोन दिवसांची सर्दी होईल ती हिला अंथरुणाला खिळवेल. आणि कांजिण्या हिला लहानपणी झालेल्या नाहीत, रक्तात दिसतंय तसं. त्याची लस आता देता येत नाही. दुसऱ्या पोराला आठवडाभर खाज सुटेल, हिच्या फुफ्फुसात उतरतील.

अंगातला पहारा उठला हे लालासाहेबांनी तेवढं नीट ऐकलं. त्या दिवसापासून ते स्वतः पहाऱ्याला उभे राहिले.

तासगावजवळच्या त्या वस्तीवर त्यांच्या घराला लोक आता चेकपोस्ट म्हणत. फाटकावर पाटी होती, लालासाहेबांच्या ठसठशीत अक्षरात: सर्दी, ताप, खोकला, डोळे आलेले, गोवर, कांजिण्या — प्रवेश नाही. पत्रिका द्यायला आलेला चुलतभाऊ फाटकात खोकला तर त्याचा एक दात तिथंच पडला. पक्ष्यांच्या विष्ठेपासून जपा असं डॉक्टर म्हणाले, त्याच दुपारी त्यांनी अकरा कोंबड्यांच्या माना पिरगाळल्या. त्यातली एक अंड्यांवर बसली होती. मनुबाईनं मध्ये जाऊन पदर पसरला, तेव्हा तिला एका हातानं बाजूला करून त्यांनी तीही उचलली. खाऊ कुणालाच दिल्या नाहीत. खड्डा खणला, वर चुना टाकला.

शेजारची राहीबाई कुंपणापलीकडून म्हणाली होती, “लालाभावजी, उद्या देव आला दारात तर त्याला बी हात धुवून ये म्हनशीला.”

“म्हनीन,” ते म्हणाले होते. त्यात त्यांना हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

पण लेकीच्या अंगावर पाणी घालावं तसं ते मऊपणानं सगळं करत. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्या त्यांच्याच हातानं. पाणी वीस मिनिटं उकळून गार करणं त्यांचंच. चादरी तेच धूत, इस्त्री तेच करत. दिवसातून चार वेळा तिच्या कपाळाला हात लावून बघत, थर्मामीटर असूनही.

“आई,” खिडकीतून संयोगिता म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. “दवाखान्यात फोन लाव. सबा सिस्टरांना. शिवूच्या अंगावर काय आहे ते विचार.”

“तूच लाव की, तुला नीट बोलता येतं.”

“न्हाई. तू लाव.”

मनुबाईनं आधी फाटकाच्या गजांतून हात घालून जावयाचं कपाळ पुसलं. लुगड्याचा काठ फाडला आणि बांधला. तो व्हॅनच्या दाराला टेकून बसला आणि डाव्या हातानं पोरीचे दोन-तीन फोटो काढून दवाखान्यात पाठवले. पोरगी रडत नव्हती. ती बापाच्या गालावरचं रक्त बोटानं चाचपत होती.

“अगं ए,” मागून लालासाहेबांची हाक आली. “हिकडं ये जरा.”

ते हौदाच्या कठड्यावर बसले होते. सदरा काढलेला. बंडी डाव्या बरगडीखाली अंगाला चिकटली होती. त्यांनी ती दातओठ खात वर केली. पोटापासून पाठीपर्यंत अर्धा कमरपट्टा घालावा तशी फोडांची रांग उठली होती, आणि दांडा चालवण्याच्या जोरात त्यातले बरेच फुटले होते. सकाळी लावलेला गेरू घामात आणि त्या पाण्यात कालवून मांडीपर्यंत ओघळला होता.

“लाव लौकर. लय आग हुतीय.”

चार दिवसांत पहिल्यांदाच ते हे बोलले होते. मनुबाईनं दुर्वांच्या रसात गेरू उगाळला आणि बोटानं, एकेका फोडाला वळसा घालत, दोन्ही टोकांना आडवी रेघ ओढली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही, जुळलं की माणूस जातो. हे तिला आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. नागीण उतरवून देणारी दगडाबाई वरच्या वस्तीवर राहायची. मंत्र घालून तिनं अटही घातली होती. पाच दिवस नागिणीचं नाव कुणापुढं काढायचं नाही. नाव काढलं की ती जागी होते आणि पुढं सरकते. मनुबाईनं ते व्रतासारखं धरलं होतं. मनातल्या मनात देवापाशी बोलतानाही ती ‘ते’ म्हणायची. आज चौथा दिवस होता.

नागीण ज्याची त्याला येते. ती एकाची दुसऱ्याला होते असं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पाटीवर तिचं नाव नव्हतं.

हात साबणानं दोनदा धुऊन मनुबाई तुळशीपाशी आली आणि फोन लावला.

“बोला मावशी. फोटो बघितले मी, डॉक्टरांनाही दाखवले,” सबाचा आवाज आला. “कांजिण्या वाटत नाहीत हो. किडा चावल्यासारखं दिसतंय. तरी पोरीला चार दिवस लांबच ठेवा.”

मनुबाईनं तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला. फाटकाबाहेर मनगट छातीशी धरून बसलेल्या माणसाकडं ती बघू शकली नाही.

“आणखी घरात कुणाला काही? ताप, अंगावर फोड? नागीण वगैरे?”

“नागीण? ती कशाला बाई?”

नाव तिच्या तोंडून निघून गेलं होतं. तिनं जीभ चावली. पण ते विचारण्यात निघालं होतं; सांगण्यात नाही. देवापाशी एवढा फरक धरला जाईल, असं तिला वाटलं.

“मावशी, ती कांजिण्यांचीच. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगात दडून राहतो. वर्षानुवर्षं. मग कधी माणूस थकला, खचला, की असा पट्टा होऊन बाहेर येतो. त्या फोडातलं पाणी लागलं तर संयोगिताताईंना कांजिण्याच होतील. म्हणून सगळ्यांना विचारावं लागतं. आहे का कुणाला?”

मनुबाईच्या नखांत गेरू राहिला होता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण लालासाहेब हौदापासून उठलेत, अनवाणी चालत आलेत आणि पाठीमागं उभे आहेत हे तिला कळलं. ते ऐकत होते. कांजिण्यांचं ऐकलं होतं की नुसतं नागिणीचं, ते तिला कळेना.

“मावशी? ऐकू येतंय का?”

“हाय,” मनुबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले. “नागीण हाय. हिच्या आप्पांना. आज चौथा दिस.”

चपराक कानावर बसली. ती तुळशीच्या कट्ट्यावर आपटली, फोन हातातून उडून फरशीवर गेला. लालासाहेबांनी तिचा अंबाडा मुठीत धरून डोकं मागं खेचलं.

“नाव काढलंस? माझ्या मरणावर उठलीस व्हय गं?”

“मारा,” ती म्हणाली. मार खाऊनही तिचा आवाज रोजच्यासारखाच हळू होता. “दोष माजा. तुमचा न्हाई, दगडाबाईचा न्हाई. देवाला मी सांगीन. पर आदी ती पोर काय म्हंती ते ऐका.”

फोनची काच तडकली होती, आवाज मात्र चालू होता. “काका? काका तिथं आहेत का? काका, घाबरू नका, तुमचं औषध आहे. पण तुम्ही ताईंच्या जवळ जाता का? हात लावता? कपडे, चादर? आजच आणा त्यांना. इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, पण वेळेत सुरू व्हायला हव्यात. उद्यावर टाकू नका. आणि काका, तुम्ही गाडीत बसू नका. ऐकताय ना?”

अंबाड्यावरची मूठ उघडली.

लालासाहेबांनी आपले दोन्ही तळहात पालथे केले, उलटे केले. एकाला जावयाचं रक्त होतं, दुसऱ्याला गेरू. दोन्ही वाळून एकाच रंगाचे दिसत होते. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. संयोगिता जाळीमागं तशीच उभी होती, कपाळ जाळीला टेकवून. रोज चार वेळा त्यांनी हात लावलेलं कपाळ.

ते एक पाऊल मागं सरले. मग आणखी एक. पाठ न फिरवता, घराकडं तोंड ठेवूनच ते अंगणाच्या कडेपर्यंत गेले. तिथून त्यांनी फाटकाची चावी मनुबाईच्या पायाशी फेकली.

“त्याला म्हणावं गाडी फिरवून लाव,” ते म्हणाले. “चादरी सगळ्या जाळा. मी धुतल्याल्या.”

“आवं, तुमी बी औषीद—”

“पोरीला न्हे आदी!” ते ओरडले. दिवसभरात तेवढंच काय ते ओरडले.

मग ते वळले आणि बागेत शिरले. द्राक्षांची तोड होऊन गेलेली, मांडवावर नुसती पानं राहिली होती. टोकाला फवारणीच्या औषधांची आणि अवजारांची पत्र्याची खोली होती. तिच्या सावलीत जाऊन ते बसलेले मनुबाईला दिसले.

पुढचं सगळं घाईत झालं. राहीबाई येऊन शिवांजलीला कडेवर घेऊन गेली. जाताना पोरीनं एकदा मागं पाहिलं. ओसरीवर आई उभी होती, अंगभर शाल, मास्कवरून नुसते डोळे. दोघींच्या मध्ये सगळं अंगण होतं.

“आई, तुजं तोंड दाखव,” पोरगी म्हणाली.

संयोगितानं तिथूनच मास्क क्षणभर खाली ओढला, हसली आणि परत वर केला. राहीबाईनं पोरीचं तोंड आपल्या खांद्यात लपवलं आणि भराभरा चालू लागली.

ऋषिराजनं उजवं मनगट मनुबाईच्या पदराच्या पट्टीनं गळ्यात अडकवलं होतं. मास्क लावून तो डाव्या हातानं चाक धरत होता, तोच हात सोडून गिअर टाकत होता आणि दर वेळी व्हॅन रस्त्याच्या कडेला झुकत होती. बेदाण्याच्या शेडमागून शेड मागं पडत होत्या. मागच्या सीटवर मायलेकी दोन टोकांना बसल्या होत्या, मध्ये दवाखान्याची फाईल. मनुबाईनं कमरेची माळ काढली, पण चोपन्नावा मणी कुठला ते आता सापडेना.

“लय दुखतंय का हात?” संयोगितानं नवऱ्याला विचारलं.

“न्हाई.”

“खोटं बोलू नका.”

“दुखतंय. पर मामांचं बी खरंच हाय की गं. आईनं शपथ घातली तवा मी गप बसलो.” त्यानं आरशातून मागं पाहिलं. कपाळाच्या पट्टीतून रक्त परत झिरपलं होतं. “त्याचं लागलं आज.”

मग संयोगिता बाहेर बघत म्हणाली, “आई, मला कालच कळलं होतं.”

“काय?”

“आप्पांना नागीण झालीय ते. काल संध्याकाळी चादर बदलायला वाकले तर बंडीला गेरू दिसला. ती कांजिण्यांचीच असते हे मला ठाऊक होतं. कॉलेजात शिकलोय आम्ही.”

मनुबाईनं लेकीकडं पाहिलं. लेकीनं नाही.

“आन् तू गप बसलीस? बाई, तुज्या जिवाशी गाठ होती.”

“रात्रभर जागीच होते मी. सकाळी गोळ्या दिल्या त्यांनी, मी घेतल्या. बोलायला तोंड उघडलं की कोंबड्या दिसायच्या. अंड्यावर बसलेली ती.” संयोगितानं शाल गळ्याशी ओढून धरली. “मग आज यांना मारलं. तेव्हा म्हटलं, आता न्हाई थांबायचं. पण माझ्या तोंडून नको. म्हणून तुला फोन लावायला लावला. सिस्टर विचारणार हे माहीत होतं मला.”

“माज्या तोंडून चाललं व्हय?”

“तुला मारतील एवढंच वाटलं होतं.” आता तिचा आवाज फुटला. “आई, रोग आणला म्हणून त्यांनी कुणालाच सोडलं न्हाई. भाऊ न्हाई, जावई न्हाई. रोग आणणाऱ्यावर त्यांचा हात पडतोच. आणि आता घरात तेवढा एकच माणूस आहे.”

ऋषिराजचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मनुबाईच्या कानात चपराकीपासून एक बारीक शिट्टी वाजत होती. तिच्यातूनही तिला ते शब्द नीट ऐकू आले. तिनं माळ गुंडाळून फाईलवर ठेवली, फाईल लेकीकडं सरकवली.

“नवाच्या गोळ्या पिशवीत वरच हायत,” ती म्हणाली. “सिस्टरला इचारून घे. पावणं, थांबवा जरा. मी उतरते.”

“मामी, चार किलोमीटर आलोय. मी वळवतो गाडी.”

“वळवायची न्हाई.”

“मग मी येतो तुमच्या संगं. कुणाला तरी गाडी चालवाय सांगू.”

“तुमी मिरज गाठा, बाबा. तुमच्या हाताला बी बघाय सांगा.”

ती उतरली. पोटातल्या टाक्यांची जागा ओढली, तशी क्षणभर दाराला धरून उभी राहिली. संयोगितानं काच अर्धी खाली केली, काही म्हणणार होती. पण मनुबाईनं हातानंच जा म्हटलं.

गाडी लांबच्या वळणाआड जाईपर्यंत ती घराच्या दिशेनं सावकाश चालत राहिली, लेक मागच्या काचेतून बघत असेल म्हणून. मग तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पदर कमरेला खोचला.